दहा हजार डॉलरची पावती

एलेनॉर कॅटन यांची ‘बर्नम वुड’ ही कादंबरी २०२३ मध्ये आली. त्याआधी ‘द ल्युमिनरीज’ला २०१३ चं बुकर मिळालं, तेव्हा त्या २८ वर्षांच्या होत्या. इतक्या लहान वयात ते पारितोषिक तोवर कुणालाच मिळालं नव्हतं. पुढे दहा वर्षांनी आली ती ही थरारकथा. एका बाजूला पर्यावरणासाठी झटणारी तरुण मंडळी, दुसऱ्या बाजूला एक निर्दय अब्जाधीश आणि मध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचं एक शेत. मला हे पुस्तक फार मोलाचं वाटतं. माझ्या थोरल्या बहिणीला ते अन्यायाचं वाटतं. ताईची हयात चळवळीत गेली. मोर्चे, धरणी, जनसुनावण्या, कोर्टाच्या तारखा, सगळं तिने केलंय. मी काठावर उभा राहून वाचणारा माणूस. या पुस्तकावरून आमचं जे बोलणं झालं ते इथे देतोय. दोघांपैकी कुणीही शेवटपर्यंत आपलं म्हणणं सोडलं नाही.

आधी गोष्ट. काळ २०१७ चा. मीरा बंटिंग ही मातीत रमणारी हुशार मुलगी आणि ‘बर्नम वुड’ हा तिचा गट. रस्त्याकडेचा पट्टा असो, कुणाच्या रिकाम्या घरामागची जागा असो, जिथे माती दिसेल तिथे ही मंडळी भाजीपाला लावतात. कधी मालकाला विचारून, पुष्कळदा न विचारता. दरड कोसळून एका खिंडीतला रस्ता बंद होतो आणि थॉर्नडाइक हे गाव एकटं पडतं. हे गाव आणि त्याला लागून असलेलं कोरोवाई राष्ट्रीय उद्यान, दोन्ही लेखिकेच्या कल्पनेतली. तिथलं सर ओवेन डार्विश यांचं शेत ओस पडलंय हे मीरा हेरते आणि पाहणीला जाते. तिथे तिला रॉबर्ट लेमॉइन भेटतो. अमेरिकन, ड्रोन बनवणाऱ्या कंपनीचा मालक, स्वतःचं विमान स्वतः उडवणारा. जगावर संकट आलं तर लपायला भुयारी घर हवं म्हणून हे शेत घेतोय, असं तो सांगतो. तिला तो पोलिसांत देत नाही, उलट पैसे देऊ करतो. आधी दहा हजार डॉलर. त्याचा खरा डाव वाचकाला लवकरच कळतो : शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातून तो रेअर अर्थ खनिजं चोरून काढतोय.

ताई : मला सुरुवातीलाच राग आला. चळवळीतली पोरं म्हणजे भांडखोर, स्वतःच्याच विचारात गुंतलेली, एकमेकांवर जळणारी, अशीच का दाखवायची? ग्लोबल विटनेस नावाची संस्था दरवर्षी मोजदाद करते. २०२३ मध्ये जमीन आणि निसर्ग वाचवताना १९६ माणसं मारली गेली. त्यांतली ७९ एकट्या कोलंबियात. त्यांच्यावर थरारकथा लिही की! ही बाई लिहिते ती कोबी लावता लावता एकमेकांच्या मनाचा ठाव घेत बसणाऱ्यांवर.

मी : पण ती भांडतात म्हणून खोटी ठरतात का? मला तर मीरापेक्षा तिची मैत्रीण शेली जास्त खरी वाटली. मीरा स्वप्नं बघते. हिशेब ठेवायचे, निरोप द्यायचे, रागावलेल्यांना समजवायचं, हे सगळं शेलीच्या गळ्यात. ती थकलीय, तिला गट सोडायचाय आणि ते मैत्रिणीला सांगायची हिंमत होत नाही. अशी शेली तुझ्या संघटनेत कधीच नव्हती?

ताई थोडी थांबली.

ताई : होती. प्रत्येक संघटनेत एक असते. तिच्यावर सगळं चालतं आणि व्यासपीठावर तिला कुणी बसवत नाही. ते कॅटनने बरोबर पकडलंय, मान्य. आणि ती बैठकसुद्धा.

ही बैठक म्हणजे माझ्या मते कादंबरीचं काळीज, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लेमॉइनचे पैसे घ्यायचे की नाही हे ठरवायला गट जमतो. त्यात टोनी आहे. बरीच वर्षं परदेशात काढून परतलेला, शोधपत्रकार व्हायची आस असलेला, आणि मीराबद्दल मनात काहीतरी बाळगून असलेला. तो तावातावाने बोलतो. डाव्या विचारांची माणसं आपापल्या ओळखीच्या राजकारणात इतकी बुडालीत, की पैसा कुणाच्या हातात आहे हा साधा प्रश्न विचारायचं विसरलीत, असं त्याचं म्हणणं. समोरून त्याला उलटे बोल ऐकावे लागतात : तू पुरुष, तू गोरा, तू किती वेळ बोलतोस. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. आवाज चढतात, जुनी दुखणी निघतात, आणि ज्या अब्जाधीशाबद्दल ठरवायला बसले तो बाजूलाच राहतो. टोनी तरातरा निघून जातो. त्यानंतर पैसे घ्यायचं ठरतं. हे पैसे देणारा कोण, त्याला यातून काय मिळणार, हे नेटाने विचारणारा एकच माणूस होता. ठराव होताना तोच खोलीत नव्हता.

ताई : अशा बैठकांना मी बसलेय. बाहेर पोलिसांची गाडी उभी, आत आमचा वाद पत्रकावर कुणाचं नाव आधी यावं यावरून. पण मला तिथे राग आला तो टोनीचा. खरं बोलतोस ना? मग बस. शिव्या खा, पाणी पी आणि ठराव होईपर्यंत बस. उठून जाणं सोपं असतं. शिवाय पुढे तो शोध घ्यायला निघतो तोही एकट्याने, कुणाला न सांगता, बातमी आपल्याच नावावर यावी म्हणून.

मी : मग कॅटन चळवळीवर अन्याय करते असं का म्हणतेस? तू आत्ता जे बोललीस तेच पुस्तक बोलतंय.

ताई : घरातली गोष्ट घरात बोलणं वेगळं. लोकांना चळवळीला हसायला निमित्तच हवं असतं. हे पुस्तक वाचून कुणीतरी म्हणणारच, बघा, ही माणसं अशीच.

मी : कॅटनला तो धोका माहीत नसेल असं वाटत नाही. जानेवारी २०१५ मध्ये त्या जयपूरच्या साहित्य महोत्सवात आल्या होत्या. तिथे त्या आपल्या देशातल्या राजकारण्यांना नफ्याच्या मागे लागलेले, उथळ, पैशाचे लोभी म्हणाल्या. तिकडे केवढा गहजब झाला! पंतप्रधान जॉन की यांनी नाराजी दाखवली, एका रेडिओ निवेदकाने तर त्यांना देशद्रोही म्हटलं. हे सोसून ती लेखिका पुढचं पुस्तक लिहायला बसते. सूड म्हणून सगळे दोष पलीकडच्या बाजूला टाकणं तिला किती सोपं होतं. तिने ते केलं नाही. ज्यांच्या बाजूने ती उभी आहे, त्यांनाच तिने जास्त कडक प्रश्न विचारले. याला मी प्रामाणिकपणा म्हणतो.

ताई : प्रामाणिकपणा असेल. पण मग तो लेमॉइन? फोन चोरून ऐकतो, भाडोत्री बंदूकवाले बाळगतो, माणसाच्या जिवाची पर्वा नाही. एवढा काळाकुट्ट खलनायक मी अख्ख्या आयुष्यात पाहिला नाही. मी पाहिले ते सह्या करणारे. हसून चहा पाजणारे. सगळं कायद्यात बसवून डोंगर नेणारे. राक्षस दाखवला की वाचक सुटतो. त्याला वाटतं, असा माणूस आपल्याकडे नाही, म्हणजे आपलं ठीक चाललंय.

हा ताईचा सगळ्यात जोरकस आक्षेप, आणि तो मला अजूनही पूर्ण खोडता आलेला नाही. पण त्याचं उत्तर न्यूझीलंडच्या अलीकडच्या इतिहासात थोडंफार सापडतं.

मी : २०१० मध्ये जॉन की यांच्याच सरकारने एक प्रस्ताव आणला होता. ज्या संरक्षित जमिनींवर खाणकामाला बंदी आहे, त्यांतली ७,०५८ हेक्टर बंदीतून मोकळी करायची. अगदी तू म्हणतेस तसं, कायद्याने, कागदावर. १ मे २०१० ला ऑकलंडच्या क्वीन स्ट्रीटवर अंदाजे ४०,००० माणसं उतरली. जुलैत सरकारने प्रस्ताव मागे घेतला. आता लेमॉइनच्या जागी राहून विचार कर. विचारायला गेलं तर रस्ते भरतात. म्हणून तो विचारतच नाही. त्याचं चोरून खणणं मला खलनायकाची लहर वाटत नाही. उघड मार्ग लोकांनी बंद केलाय, म्हणून तो चोरवाटेने येतो.

ताई : म्हणजे चळवळ जिंकली होती म्हणून ही कादंबरी घडते?

मी : मी तसंच वाचतो. त्यापूर्वीचं मानापौरी तलावाचं प्रकरण घे. तलावाची पातळी वाढवून ॲल्युमिनियमच्या कारखान्याला वीज द्यायची योजना होती. १९७० मध्ये विरोधाच्या अर्जावर २,६४,९०७ सह्या झाल्या. त्या वेळी तो देशच अठ्ठावीस लाखांचा. १९७२ च्या निवडणुकीत तो मुद्दा गाजला, सरकार बदललं आणि तलाव वाचला. नाव, पत्ता, सही, सगळं उघड. आता बर्नम वुडकडे बघ. मीरा खोट्या नावाने जमिनींची चौकशी करते. शेली मीरापासून लपवते, मीरा शेलीपासून. टोनी सगळ्यांपासून. डार्विश नवरा-बायको शेताचा सौदा लपवतात. लेमॉइनचं सगळ्यात मोठं हत्यार कोणतं? ड्रोन नाहीत, बंदुका नाहीत. प्रत्येकाकडे दुसऱ्यापासून लपवण्यासारखं काहीतरी आहे, हे त्याला कळतं, तेच.

सर ओवेन डार्विश हे पात्र इथे महत्त्वाचं आहे. उंदीर-घुशींचा बंदोबस्त करण्याच्या धंद्यातून वर आलेला, तसा भला, थोडा बडेजावी माणूस. निसर्गरक्षणाच्या सेवेबद्दल त्याला नाइटहूड मिळतं. लेमॉइनच्या कंपनीशी मिळून तो एका दुर्मिळ पोपटाच्या रक्षणाचा प्रकल्प आखतो. शेताच्या सौद्याबद्दल मात्र तोंड बंद ठेवायचं, हे तो कबूल करून बसलाय. पोपट वाचवायचा जाहीर समारंभ आणि शेताच्या सौद्याबद्दल मौन, दोन्ही त्याच माणसाकडून. हसून चहा पाजणारे म्हणून ताई ज्यांचं वर्णन करते, ते या कादंबरीत आहेत. ते डार्विशच्या रूपाने आहेत.

ताई : उघडपणाचं एवढं कौतुक करतोस, पण उघड संघटनेत हेर सहज शिरतो. ग्रीनपीस या पर्यावरण संघटनेची रेनबो वॉरियर बोट आठव. १९८५ मध्ये फ्रान्सच्या गुप्तहेर खात्याची एक बाई स्वयंसेविका बनून ग्रीनपीसच्या ऑकलंड कार्यालयात आली. कामं केली, ओळखी केल्या, माहिती घेऊन गेली. मग १० जुलैच्या रात्री बंदरात बोटीवर दोन स्फोट झाले. फर्नांडो परेरा हा छायाचित्रकार त्यात गेला. दार उघडं ठेवलं म्हणून ती आत आली ना?

मी : आली खरी. आणि तुझ्या बाजूने आणखी एक : न्यूझीलंडच्या एका सरकारी कोळसा कंपनीसाठी खाजगी गुप्तहेर संस्थेने आंदोलकांमध्ये खबरे पेरले होते, हे २००७ मध्ये बाहेर आलं. पण रेनबो वॉरियरचे गुन्हेगार सापडले कसे? बंदराजवळच्या बोट क्लबची माणसं चोऱ्यांमुळे रात्री पहारा ठेवून होती. त्यांना एक गाडी संशयास्पद वाटली, त्यांनी नंबर टिपून घेतला. ती भाड्याची गाडी परत करायला गेलेले दोन फ्रेंच हस्तक तिथेच अडकले. एका बलाढ्य देशाचं गुप्तहेर खातं कुणी मोठ्या डिटेक्टिव्हने नाही पकडलं. जागसूद शेजाऱ्यांनी पकडलं.

ताई : हे मला माहीत नव्हतं. पण आता पैशाचं ऐक. तुम्ही वाचणारी माणसं म्हणता, मीराने पैसे घेतले तिथे ती चुकली. मी म्हणते, घेण्यात चूक नव्हती. आम्हीही पैसे घेतले. पैशाशिवाय वकिलाची झेरॉक्ससुद्धा होत नाही. पण आमचं पावतीपुस्तक होतं. दहा रुपये दिले तरी पावती, आणि महिन्याच्या बैठकीत सगळा जमाखर्च वाचून दाखवायचा. एकदा मेळाव्याच्या आदल्या दिवशी एका कंत्राटदाराचा निरोप आला, सगळ्यांच्या जेवणाचा खर्च मी करतो, माझं नाव कुठे नको. आमच्यातली निम्मी माणसं खूश झाली. हजारभर लोकांचं जेवण होतं. हिशेब ठेवणारी बाई एवढंच म्हणाली, ‘नाव नको तर पावती कुणाच्या नावाने फाडू?’ विषय संपला. गावागावांतून भाकऱ्या आल्या, झुणका आम्ही केला.

मी : ताई, दहा हजार डॉलरबद्दल मला सापडलं नव्हतं ते तू एका वाक्यात सांगितलंस.

ताई : म्हणून तर मला राग येतो. कॅटनला अशी एक बाई कादंबरीत घालता आली नसती का?

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरोखरच तशी बाई पुस्तकात नाही. शेली तिच्या जवळपास जाते, पण तोवर तिचं मन गटातून उठलेलं असतं.

मग बोलणं खनिजांकडे वळलं. रेअर अर्थ म्हणजे एकंदर १७ मूलद्रव्यं. त्यांतली निओडिमियम, डिस्प्रोशियम ही जबरदस्त लोहचुंबकांसाठी लागतात, आणि अशी चुंबकं पवनचक्कीत, विजेच्या गाडीच्या मोटरीत, ड्रोनमध्ये असतात. दक्षिण चीनमध्ये आणि म्यानमारच्या काचिन भागात ती काढायची एक पद्धत अशी : डोंगरात भोकं पाडून अमोनियम सल्फेटचं पाणी सोडायचं, धातू विरघळून खाली झिरपला की तो रस गोळा करायचा. डोंगर वरून खणून काढावा लागत नाही. आतून भिजून भुसभुशीत होतो, आणि दरडी कोसळतात. कादंबरीतली सुरुवातीची दरड अशाच खणण्यातून आलेली आहे. त्याच दरडीने रस्ता बंद झाला, रस्ता बंद झाला म्हणून शेत ओस पडलं, शेत ओस पडलं म्हणून मीरा तिथे गेली. गुन्हेगाराच्या कर्माचं एक टोक सुरुवातीलाच तिच्या हातात आलेलं असतं आणि तिला ते लागवडीची संधी वाटतं. रचनेचं हे कसब थक्क करणारं आहे.

ताई : आणि आम्ही पवनऊर्जेसाठी भाषणं करतो. ते चुंबक कुठल्या डोंगरातून आलं हे विचारत नाही. हा भाग वाचून मला झोप आली नाही, हे कबूल करते.

मी : शेवटाबद्दल काय म्हणशील?

ताई : शेवट मला पटलाच नाही. ‘राजमुकुट’ आठवतंय? शिरवाडकरांनी ‘मॅकबेथ’ मराठीत आणलं ते. मॅकबेथला वाटतं, बर्नमचं जंगल काही चालत येणार नाही, म्हणजे मी सुरक्षित. आणि सैनिक फांद्या हातात धरून येतात, जंगल चालायला लागतं. केवढा दिलासा आहे त्यात! इथे गटाचं नाव बर्नम वुड, आणि हे जंगल चालत नाही. एवढी माणसं जातात, आणि शेवटी उरते ती एक आग, कुणीतरी बघेल या आशेने लावलेली. मी हे पुस्तक विशीतल्या कार्यकर्त्याच्या हातात देणार नाही. त्याची उमेद जाईल.

मी : मी देईन, आणि पूर्ण देईन. तो शेवट आभाळातून पडत नाही. पुस्तकाच्या पुढच्या भागात एक अपघात होतो, एक माणूस मरतो. हातून घडलं ते घडलं. तिथे साधा रस्ता असतो, पोलिसांना बोलवायचं. तुरुंग झाला असता, बदनामी झाली असती, गट फुटला असता, पण माणसं जगली असती. त्याऐवजी सगळं लेमॉइनच्या हाती सोपवलं जातं, कारण तो म्हणतो, मी बघतो. पावती नसलेल्या पैशाचीच ही पुढची पायरी. विशीतल्या पोराला हे कळलं तर त्याची उमेद जाणार नाही, शहाणपण येईल.

ताई : शहाणपण यायला एवढी प्रेतं लागत नाहीत.

मी : थरारकथेत लागतात. वास्तवात कमी त्रासात भागतं. पीटर थील या अमेरिकन अब्जाधीशाला २०११ मध्ये न्यूझीलंडचं नागरिकत्व मिळालं, तेव्हा तो त्या देशात जेमतेम १२ दिवस राहिला होता. ही गोष्ट लोकांना कळली २०१७ मध्ये, कादंबरीचं जे वर्ष आहे त्याच वर्षी. त्याने काहीही बेकायदा केलं नव्हतं. पुढे वानाका तलावाजवळच्या त्याच्या जमिनीवर मोठं आलिशान लॉज बांधायचा अर्ज आला. स्थानिक पर्यावरण संस्थांनी सुनावणीत उभं राहून विरोध केला. निसर्गदृश्याची हानी होईल, असं म्हणून २०२२ मध्ये परवानगी नाकारली गेली.

ताई : ही गोष्ट लिही. तुझ्या कादंबरीपेक्षा मला ती जास्त आवडली.

आमचं एकमत झालं ते एवढ्यावरच : कार्यकर्त्यांच्या येत्या शिबिरात ताई बैठकीचा भाग मराठीत सांगणार आहे आणि शेवट वगळणार आहे. मी मात्र म्हणेन, शेवटासकट वाचा, आणि तुम्ही कुठल्याही संघटनेत, मंडळात, सोसायटीच्या समितीत असाल तर जरूर वाचा. पुस्तकाचा सुरुवातीचा भाग संथ आहे, परिच्छेद लांबलचक आहेत, आणि पुष्कळ जण तिथेच कंटाळतात. तिथे पुस्तक खाली ठेवू नका. बैठक त्याच भागात आहे.